उंबऱ्याबाहेर उभा भाऊ

कांजिण्या मला आल्या त्या चाळिशीत. हुबळीत गोकुळ रोडवरचा माझा बिजागऱ्यांचा कारखाना तेव्हा नुकता जोर धरत होता. लग्न राहूनच गेलेलं, घरात मी एकटा. शेजारच्या अक्कांनी दारावर कडुलिंबाचा डहाळा बांधला, ‘अम्मा आलीय’, म्हणजे देवी आलीय, म्हणून गल्लीभर सांगितलं, आणि माझ्याकडं फिरकायचं सगळ्यांनी बंद केलं. बिनफोडणीचा दहीभात अक्का ओट्यावर ठेवायच्या, दारावर थाप मारून निघून जायच्या. मी दार उघडेपर्यंत बाहेर कुणी नसायचं. भाव करायला, भांडायलासुद्धा माणूस नाही. तापापेक्षा त्यानंच मी खचलो.

वाट पाहत होतो धाकट्या भावाची. तो धारवाडला कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा. आई-वडील लवकर गेले, त्याला मीच वाढवलं, शिकवलं. लग्न झाल्यावर त्यानं वेगळं बिऱ्हाड केलं. निरोप पाठवल्यावर तो आला खरा, पण उंबऱ्याबाहेरच थांबला. हातात दोन शहाळी.

“आत ये की.”

“इथं बरा आहे, अण्णा. तुम्ही पडून राहा.”

चिडलो, पण आवाज चढवला नाही. धंद्यात समोरच्याला त्याच्याच तोंडानं बांधून घ्यायचं असतं. म्हटलं, “हे अंगात शिरतं तरी कसं? पोरांना शिकवतोस ना?”

त्याला तेच हवं होतं. उभ्या उभ्या शिकवायला लागला. विषाणूला पाय नाहीत, पंख नाहीत. वाहत येतो आणि पेशीला धडकतो. पेशीच्या अंगावर बारीक खुंट्या असतात, तिच्या स्वतःच्या कामाच्या: बाहेरचे निरोप घ्यायला, लागणारा माल आत ओढायला. विषाणूच्या अंगावरचे कोंब त्यांतल्या एखाद्या खुंटीवर नेमके बसले की तो चिकटला. जुळलं नाही तर तसाच पुढं जातो.

“मग भिंत फोडतो काय?”

“फोडत नाही. काहींचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळून जातं, पाण्यावरचे तेलाचे दोन थेंब एक होतात तसं, आणि आतला ऐवज आत उतरतो. काहींना तर पेशीच आपला माल समजून पोटात घेते. मग तिच्याच यंत्रावर तो आपल्या नकला काढून घेतो.”

“म्हणजे घरचेच पाट मांडतात.”

“तसंच, अण्णा.” तो हसला. मीही हसलो, बऱ्याच दिवसांनी.

“आणि ज्याला एकदा येऊन गेल्यात त्याला?”

“त्याच्या रक्तात प्रतिपिंडं असतात. ती त्या कोंबांवरच जाऊन बसतात. मग विषाणूला पेशी धरताच येत नाही.”

“तुला लहानपणी येऊन गेल्यात. मांडीवर घेऊन मी बसलो होतो. ये आता आत.”

त्यानं शहाळी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, “घरी तिला दिवस गेलेत. तिला आल्या होत्या की नाही, तिच्या आईला आठवत नाही.”

“जो तुला धरत नाही तो तुझ्याबरोबर धारवाडला कसा जाईल?”

“कपड्यांवरून वगैरे... सांगता येत नाही.”

“मघाशी तर सगळं सांगता येत होतं!”

त्यानं वर डहाळ्याकडं पाहिलं. “आणि अक्का म्हणतात, अम्मा असलेल्या घरात शिरून लगेच परत फिरू नये.”

जीवशास्त्राचा प्राध्यापक! मी भेलकांडत दाराशी गेलो, डहाळा ओढून काढला आणि गटारात फेकला. पलीकडून अक्का ओरडल्या, “बेड अण्णा, बेड! नको! अम्माला राग येईल!”

“गेली अम्मा,” मी म्हटलं. “ये.”

त्यानं शहाळी उंबऱ्यावर ठेवली. माझा हात लागायच्या आत स्वतःचा मागं घेतला. “बस चुकेल,” म्हणाला. हुबळीहून धारवाडला बस कधी चुकत नाही. एक गेली की मागं दुसरी उभीच असते.

बायकोची काळजी होती, मान्य. आत येऊन गेल्यावर घरी अंघोळ करता आली असती, कपडे उकळता आले असते. माझं आजही तेच म्हणणं आहे.

त्याला मुलगी झाली. बारशाला गेलो, चांदीचे वाळे आत पाठवले आणि ओट्यावर बसलो. “भाऊजी, आत या,” त्याची बायको म्हणाली. मग तो स्वतः आला.

“चला ना, अण्णा. पाळणा म्हणायला लागतील.”

“इथं वारा बरा आहे.”

तो थोडा वेळ दारात उभा राहिला. मग आत बायकांनी पाळणा सुरू केला, आणि त्याला जावं लागलं.