घरात कुणाला आहे का?

तान्ह्या बाळांच्या स्किन ओपीडीत वर्षभर बसलात ना, की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. आणि आठवले की अजून माझं डोकं फिरतं! ऐंशीच्या दशकातलं घाटकोपर. विभागप्रमुख म्हणजे आमचे सर, आणि त्यांच्या हाताखाली मी, नवी डॉक्टर.

*

एक बाळ आलं, पुरळाने लालबुंद. सरांनी लांबूनच पाहिलं. "डायपर रॅश!"

"सर, डायपर कुठला? जुन्या धोतराचा लंगोट आहे तो. आणि पुरळ डोक्यावर आहे!"

"मग डोक्याला पावडर लावा," सर म्हणाले.

*

दुसऱ्या बाळाच्या अंगावर चट्टे. त्यांच्या फॅमिली डॉक्टरांचं निदान काय, तर आईचं दूध गरम पडतं! दूध तोडलं, चट्टे वाढले. तर हे महाशय म्हणतात, "बघा, किती कडक होतं! बंद केलं तरी असर जात नाही!"

त्या आईचं रडणं कुणी बघायचं?

*

सर शिकवायला मात्र एक नंबर. एका आजारावरचं त्यांचं लेक्चर गाजलेलं. प्रतिकारशक्ती जन्मापासून अधू, अंगभर खाजरे चट्टे, प्लेटलेट्स कमी. "आईकडून उतरतो, होतो मुलग्यांना! वेळेत ओळखला नाही तर बाळ हातचं जातं!" टेबलावर मूठ आपटून सांगायचे.

त्याच आठवड्यात मुलुंडहून एक मुलगा आला, काही महिन्यांचा. अंगभर चट्टे, कान वाहतोय, शीमधून रक्त. प्लेटलेट्स कमी.

"लॅबवाल्यांचा घोळ. पुन्हा पाठवा."

पुन्हा कमीच. मग सरांनी विचारलं, "घरात कुणाला आहे का असं?"

बाळाच्या आईची सासू पुढे सरसावली. "आमच्या घरात असला कोणाकच नाय हां, डॉक्टरानू!"

सुनेनेही मानेने नाही म्हटलं.

"फॅमिली हिस्टरी निल," सर म्हणाले. "मलम द्या."

आठवड्याभरात बाळ तापाने फणफणून वॉर्डात आलं. आणि सासू मला विचारते, "जावळ काढूक गावाक न्हेव काय?" डोकंभर खपल्या! मी भडकलेच. "मामाच्या मांडीवर बसवून यावर वस्तरा फिरवणार तुम्ही?"

तेव्हा ती सून पहिल्यांदा बोलली. "मामा नाहीत त्याला. तीन भाऊ झाले मला. तिघंही तान्हे असतानाच गेले. अंगावर असंच यायचं."

मी सरांना बोलावून आणलं. सर ऐकून तिच्यावरच ओरडले, "त्या दिवशी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?"

ती गोंधळली. "घरात कुणाला, असं विचारलंत ना, सर? ते माहेरचे."