भाव न करणारा माणूस

मी कागद वाचून संपवला तोवर शेजारच्या पारूबाईने अंगठा दिलाही होता. भाजीबाजाराची जागा आम्ही राजीखुशीने सोडतो, असं त्यावर लिहिलं होतं. मी चौथी शिकलेली, मला वाचता येतं, पण वेळ लागतो.

कागद घेऊन आले होते आमचे माजी आमदार. आमदार असताना याच जागेसाठी ते आमच्याबरोबर उन्हात धरणं धरून बसले होते. पुढे निवडणूक हरले आणि व्यापारी संघाचे अध्यक्ष झाले. आता संघाला तिथे दुकानांची इमारत हवी होती.

ते नेमके बोहनीच्या वेळेला आले. पहिल्या गिऱ्हाईकाला आम्ही कधी नाही म्हणत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. प्रत्येकीकडून एकेक जुडी घेतली, सांगितला तो भाव दिला. मला तिथेच खटकलं. ज्याला भाजी हवी असते तो देठ मोडून बघतो, दोन रुपयांसाठी हुज्जत घालतो.

"मावशी, तुमच्या भल्याचंच आहे."

"मग अंगठा आधी आणि वाचणं मागून का, साहेब?"

"अजून तशाच तिखट आहात," म्हणत त्यांनी हात जोडले. मतं मागतानाही अगदी असेच जोडायचे. माणसाची हात जोडायची ढब जन्मभर तीच राहते. तो कुणासाठी जोडतोय, ते मात्र हातांकडे बघून कळत नाही.

मी सही केली नाही. बाकीच्यांचे अंगठे पुरले, जागा माझीही गेली. त्या ओळीत आम्ही नऊ जणी बसायचो. आठ जणींनी धंदा सोडला. टोपली घेऊन दारोदार फिरते ती मी एकटी.