टँगल्ड, इंट्रिकेट आणि बाईंची बाज

मी एकदा सासूबाईंच्या बाजेची दोरी विळ्यानं कापली. एका जागी नाही, तीन जागी. बाज सैल पडली होती म्हणून एक पदर ओढला, तर दुसरा वर आला. तो दाबला तर तिसऱ्याचा गोळा झाला. शेवटी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेल्या नागपूरच्या त्या अतिहुशार मुलीनं, म्हणजे मीच, विळा आणला. दुपारी सासूबाई निवांत टेकायला आल्या आणि... काय सांगू, पाय वर, बाकी सगळं खाली.

सव्वा महिन्यापूर्वी मी पांढुर्ण्याला भाजी निवडत बसले होते, तेव्हा सौंसरहून पुतण्याचा फोन आला, "काकू, आई गेली." डोळ्यांत पाणी यायच्या आधी मला ती बाज आठवली आणि हसूच फुटलं. त्याला वाटलं असेल, काकू कामातून गेली.

शालिनीबाई माझी मोठी जाऊ. मी नुसतं 'बाई' म्हणायची. सौंसर मध्य प्रदेशात, तिथल्या मुलींच्या शाळेत त्या इंग्रजी शिकवायच्या. मुली घरी मराठी बोलणाऱ्या, शाळा हिंदी. गाइडात टँगल्ड असो, इंट्रिकेट असो की कॉम्प्लिकेटेड, सगळ्यांपुढे एकच अर्थ छापलेला, 'उलझा हुआ'. बाईंना ते सहन व्हायचं नाही. त्या पिशवीतून सुतळीचा गुंडा आणि विणकामाचा रुमाल वर्गात न्यायच्या. मी नवी नवरी, पदर सावरत त्यांना ऐकवायची, "बाई, डिक्शनरीत सगळं सारखंच आहे हो!" खोलीत नवऱ्यापुढे त्यांच्या उच्चारांची नक्कल करायची, आणि तोही हसायचा.

तर त्या दुपारी सासूबाईंना ओढून वर काढल्यावर त्या कडाडल्या, "शिकेल-सवरेल सून आनली म्हनून नाचलो आम्ही! इच्या मायनं इले काहीच शिकवलं नाही काय वं?"

मायचं नाव निघालं आणि मी पेटी भरली. तसंही चार भाऊ, एक चूल, कोण कोणाशी अबोला धरून आहे आणि कोणाचं ताट कोणी वाढायचं, हा गुंता माझ्या डोक्यावरून जायचा. नागपूरची बस पाचला होती. परत यायचंच नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. नवरा संत्र्याच्या बगीच्यात, त्याला पत्ताच नाही.

बाई शाळेतून आल्या. त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग बाजेकडे.

"जाऊन राहिली? जा. पण पाचपर्यंत काय करशील? समोर बस अन् दोरी धर. एकटीनं वीण ताणली जात नाही."

त्यांनी सगळी बाज उसवली आणि अंबाडीच्या दोरीचा ढीग माझ्या मांडीवर टाकला. "हे टँगल्ड. कोणी केलं नाही, झालं. निवांत बसलं की सुटते." मग चार ओळी विणून झाल्यावर बोट फिरवलं, "हे इंट्रिकेट. कोणीतरी जीव लावून केलं आहे. सोडवायचं नसते, पाहायचं असते. कॉम्प्लिकेटेड म्हणजे तुझ्या सासूची पूजा, अर्धी सामग्री कमी केली तरी देव येईल."

मला हसू आलं, पण मी तोंड पाडूनच विचारलं, "आणि मी केलं ते?"

"ते सरळ तुटलं. त्याले इंग्रजीची गरज नाही."

"आणि हे घर?"

बाईंनी दोरी दातात धरली होती. ती सोडून म्हणाल्या, "घरात हे सगळंच आहे. कोणतं काय, ते पाहायला मले सात वर्षं लागली. तू तर सात महिन्यांत विळा घेतला."

बस स्टँडकडून हॉर्न आला तेव्हा माझे दोन्ही हात विणीत होते. पेटी कधी रिकामी केली, आठवत नाही.

पुढे आम्ही पांढुर्ण्याला राहायला आलो, तरी दर रविवारी फोन ठरलेला. "गुडघे कॉम्प्लिकेटेड, मन सिम्पल," असं तब्येतीचं वर्तमान सांगायच्या. कोणाचं लग्न मोडकळीला आलं की आम्ही दोघी आधी ठरवायचो, टँगल्ड की तुटलेलं. टँगल्ड निघालं, तर बाई त्या घरी चहाला जाऊन बसायच्या.

दिवाळीनंतर भेटले, तीच शेवटची भेट. बाई अंथरुणाला खिळलेल्या, आवाज बारीक. मी इतक्या वर्षांनी कबूल केलं, "बाई, त्या दिवशी मी कायमची निघाली होती. वीण लांबली म्हणून राहिली."

बाईंनी डोळे मिटूनच माझा हात चाचपला आणि म्हणाल्या, "तीनच जागी तर कापली होती वं तू. सांधली असती तर अर्ध्या तासात झाली असती. बस पाचची होती, म्हणून सगळी उसवली."