मुळ्याची वाढ आणि साहेबांचा शेरा

तुमच्या घरी एखाद्या डब्यात सुटी बटणं साठतात ना? कुठल्या सदऱ्याचं कुठलं, आठवत नाही, पण टाकवतही नाहीत! शाळेतल्या गोष्टींचं माझं तसंच झालंय. एक काढायला जावं, तर चार हाताला लागतात.

स्वराज्य येऊन सहा-सात वर्षं झाली असतील. भांडुपला एका चाळीच्या तळमजल्यावर आमची प्राथमिक शाळा भरायची. ट्रेनिंगमध्ये मी 'प्रोजेक्ट मेथड' शिकून आले होते. मुलांनी घोकायचं नाही, करता करता शिकायचं. हेडमास्तर म्हणाले, "बाई, एक वर्ष करून बघा. इन्स्पेक्टरसाहेब येतील. त्यांचा शेरा चांगला पडला तर चालू, नाहीतर तिसरीचा वर्ग पुन्हा पाढ्यांवर!"

मी हो म्हटलं. त्या शेऱ्यावर माझा सगळा जीव टांगलेला.

*

पहिला प्रकल्प सूतकताईचा. टकळीवर मुलांचं सूत तुटून तुटून नुसता गुंता! एका मुलीचं मात्र रोज घरून बारीक, सुंदर सूत यायचं. मी तिला वर्गापुढे उभं करून शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी तिची मालवणची आजीच दारात. "बाई, कापसाचे पेळू संपले. आणखी देवा."

"आजी, म्हणजे सूत तुम्ही कातता?"

"मगे? चेडवाची बोटां दुखतत! आणि शाबासकी माका कधी देतलास?"

दिली. वर्गापुढेच दिली!

*

मग पोस्टाचा प्रकल्प. बिस्किटांच्या रिकाम्या डब्याची पेटी केली. पत्र कोणालाही लिहा, पण मायना बरोबर हवा, एवढाच नियम.

एक पत्र हेडमास्तरांना गेलं. "ती. गुरुजींस शिरसाष्टांग नमस्कार. आपण दुपारी खुर्चीत झोपता, तेव्हा आपली टोपी पडते. आम्ही ती रोज उचलून ठेवतो. काळजी नसावी."

संध्याकाळी पेटीत उत्तर आलं, हेडमास्तरांच्या वळणदार अक्षरात. "चि. तिसरीस अनेक आशीर्वाद. टोपी उचलताना हळू बोलावे. जाग येते."

*

मुळ्यांचं मात्र माझंच चुकलं.

चाळीमागे वाफा केला, बी पेरलं. मी सांगितलं, "मुळा रोज किती वाढतो ते मोजायचं आणि वहीत लिहायचं." सुरुवातीला झकास चाललं होतं. मग एकदम पानं माना टाकायला लागली. मला वाटलं, ऊन लागतंय.

एक दिवस मधल्या सुट्टीत लवकर बाहेर आले, तर सगळा वर्ग रांगेत! एकेकजण आपला मुळा अलगद उपटतोय, फूटपट्टी लावतोय, परत पुरून पाणी घालतोय.

"अरे, हे काय करताय?"

"बाई, मुळा तर खाली असतो ना! न उपटता मोजणार कसा?"

मी वह्या मागवल्या. वहीत एका दिवसाचाही खाडा नव्हता. पण शेवटचे आठ दिवस सगळ्यांचं एकच: 'वाढ: नाही.'

साहेब दोन दिवसांवर आलेले. हेडमास्तरांनी कोणाला न सांगता बाजारातून जाड जाड मुळे आणले आणि सकाळी लवकर येऊन वाफ्यात खोचले. मुलांनी नेहमीप्रमाणे मोजले. मी वह्या तपासायला घेतल्या. प्रत्येक वहीत: 'वाढ: नऊ इंच. कारण: हेडमास्तर.'

*

आणि मग साहेब आले.

तेव्हा 'आमची म्युनिसिपालिटी' हा प्रकल्प चालू होता. आरोग्याधिकारी कमल, वय वर्षं आठ, बाप गिरणीत. रोज दारात उभी राहून ती प्रत्येकाची नखं बघायची. वाढलेली असली की आत प्रवेश नाही. मलाही तिने एकदा परत पाठवलं होतं.

कोट-टोपीतले साहेब दाराशी आले. कमल आडवी आली. "हात दाखवा."

"मी?"

"हो ना. दोन्ही."

साहेबांनी दाखवले. कमलने उलटसुलट करून पाहिले. "करंगळीचं वाढलंय. कापून उद्या या."

"आणि आज?"

"आज बाहेर."

हेडमास्तर किंचाळले, "कमल, अगं साहेब आहेत ते!"

"माहीत आहे गुरुजी. म्हणून तर हळू सांगितलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी एक शब्द बोलले असते तर कमल बाजूला झाली असती. मी तोंड उघडलं. कमलने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

साहेबांनी विचारलं, "बाई, हा नियम कोणाचा?"

"वर्गाचा," मी म्हटलं.

ते वळले आणि चालू लागले. शेरेबुक कोरंच राहिलं. "वाट लागली बाई!" हेडमास्तर म्हणाले. "उद्यापासून पाढे." शाळा सुटल्यावर मी भिंतीवरचे मुलांचे तक्ते एकेक करून उतरवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटेच्या आधीच साहेब आले, तिसरीच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात कमलपुढे धरले. त्यांच्या मागे हेडमास्तर उभे होते, मुठी घट्ट मिटून.