मामाजीच्या नावाचा किडा

मायी नणंद दामिनी शाळेत सायन्स शिकवते अन् घरात किडे पाळते. लग्नाच्या पयल्या वर्षी मी फ्रिज उघडला, तं दह्याच्या बाजूले डबीत भुंगा! बोंबलत बाहेर आली मी. आता सवय झाली, पण तोंड सुटते मायं, काय करू! आमच्या नंदनवन वस्तीत सारे तिले किडेवाली मॅडम म्हणतात. तिले त्याची लाज नाई, उलट ऐटीत चालते.

मागच्या हिवाळ्यात ती भिवापूरले मिरचीच्या वावरात गेली अन् मिरचीवरची मावा कीड खाणारा ढालकिडा घेऊन आली, टिकलीएवढा. नेहमीचा पिवळा असते, पाठीवर वाकड्यातिकड्या काळ्या रेघा. हा पुरा काळाकुट्ट, लाल ठिपके तेवढे दोन. पुण्याच्या एका जाणकारानं फोटो पाहून सांगितलं, प्रजाती नवीन दिसते, मॅडम. लेख लिहा, नाव ठेवायचा मान तुमचा.

दामिनीनं लगेच नाव ठरवलं. बापाचं, म्हणजे माया सासऱ्याचं, मामाजीचं. धम्मानंद.

मामाजी जन्मले तेव्हा गावानं त्याईचं नाव कचरू पाडलं होतं. छप्पन साली त्याईच्या बापानं दीक्षा घेतली अन् लेकराले हे नवं नाव दिलं. ते आता जगभरच्या पुस्तकात जाणार म्हटल्यावर मामाजीचे पाय जमिनीवर कायचे राहतात! भाजीवाल्याले सांगितलं, न्हाव्याले सांगितलं. अन् आपल्या इकडचे पोट्टे तं तुम्हाले माहीतच आहेत. लेख जायच्या आधीच चौकात फ्लेक्स लागला, मामाजीचा फोटो अन् बाजूले हा एवढा मोठा किडा. विहारात सत्काराचा रविवारही ठरला.

पण दामिनी खात्री केल्याबिगर लेख पाठवणारी नाई. मायी सुती साडी फाडून तिनं गच्चीवरच्या मिरचीच्या कुंड्या झाकल्या अन् त्याईले मावा लागू दिला बाप्पा, मुद्दाम! काळ्या मादीनं अंडी घातली. पिल्लं एकमेकाले खातात म्हणून एकेकाले वेगळं ठेवाले माये श्रीखंडाचे सारे डबे गेले. लय भांडली मी.

डब्यातून किडे निघाले, तं एक काळा, एक पिवळा रेघावाला, एक नारिंगी. सारे एकाच मायचे! पुढं त्याईचे आपसात जोडे लागले, त्याईलेही लेकरं झाले.

“वहिनी,” ती म्हणे, “हा नवा नाई. जुनाच आहे, रंग तेवढा वेगळा.”

मी भडकली. “चूप राहा ना वं! कोण येऊन राहिलं तुये डबे पाहाले? म्हाताऱ्याच्या तोंडचा घास काहून काढून राहिली?”

“खोट्या गोष्टीले बाबाचं नाव नाई देत मी,” ती म्हणे. आवाज जराही हालला नाई तिचा. डबे घेऊन सरळ मामाजीकडे गेली अन् सारं सांगून टाकलं.

मामाजीनं चष्मा लावून एकेक डबा पाहिला. त्या दिवशी जेवलेही नाई. मले दामिनीचा इतका राग आला का मी तिले चहाही नाई विचारला.

रविवारी मले वाटलं, आता कायले जातात हे. पण पांढरा सदरा घालून तयार! विहारात अध्यक्ष हार घालाले उठले, तं मामाजीनं त्याईचा हात धरला अन् माइक घेतला.

“किड्याले मायं नाव नाई भेटत,” ते म्हणाले. “पोरीनं तपासलं. रंग वेगळा, पण माय एकच निघाली. मले लहानपणी शाळेत वेगळं बसवत होते. काहून, ते मले आजवर समजलं नाई. आता मी आपल्या नावासाठी त्या जिवाले घरातून वेगळा काढू?”

मामाजीनं अध्यक्षाच्या हातातला हार घेतला अन् दामिनीच्या गळ्यात घातला. मायी एवढी ताठ नणंद, माया पदरात तोंड खुपसून हमसून हमसून रडली. मलेही राहवलं नाई. सगळ्याईसमोर ओरडली मी, “रड वं बाई, रड! तुया बाप आहे तो!”