दुसरा डोळा

इराणच्या वाळवंटातल्या आमच्या तबस गावात कुणी कुणाला 'नाही' म्हणत नाही. पाहुणा उपाशी असला तरी 'आत्ताच जेवलो' म्हणतो, आणि घरात दाणा नसलेला यजमान 'जेवल्याशिवाय सोडणार नाही' म्हणतो. या शिष्टाचाराला तआरुफ म्हणतात. त्यावर सगळा गाव सुखात आहे. हाल झाले ते फरामर्ज आगांचे.

आगांचं चष्म्यांचं दुकान. गावातली निम्मी नाकं त्यांच्याच चष्म्यांनी चेपली आहेत. दुकान बंद केलं की ते गच्चीवर, पाण्याच्या बंबाएवढ्या दुर्बिणीपाशी. आफाग खानुम, म्हणजे त्यांच्या पत्नी, सोबत असायच्या. आगा आकाशाचा एक तुकडा बघून कागदावर ठिपके काढायचे. मग काही न सांगता आफाग खानुमकडून दुसऱ्या कागदावर काढून घ्यायचे. जुळले तर खरं. नाही जुळले तर जे भांडण व्हायचं, ते शेजारच्या गच्चीवर मला फुकट ऐकायला मिळायचं.

गेल्या हिवाळ्यात आफाग खानुम वारल्या. नंतर आगांनी एकट्याच्या भरवशावर 'नवा तारा सापडला' असं तेहरानच्या तारे बघणाऱ्या मंडळींना कळवून टाकलं. निघाला लघुग्रह. तेहरानहून इतकं गोड उत्तर आलं, की आगांनी आठवडाभर गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. चष्मेवाल्याची याहून मोठी पंचाईत नाही.

आणि आता मावळतीकडे, एरवी रिकाम्या असलेल्या जागी एक ठिपका. दुसऱ्या संध्याकाळीही तिथंच. म्हणजे जागा बदलणारा लघुग्रह नव्हे.

"खुजा नवतारा असावा," आगा मला म्हणाले. "दोन तारे एकमेकांना खेटून असतात. एक दुसऱ्याच्या ताटातलं ओढत राहतो आणि एक दिवस भडकतो. थोड्या दिवसांत परत विझतो."

"मग कळवा की!"

"आहे म्हणून दिसतोय, की मला हवाय म्हणून? दुसरा डोळा पाहिजे."

"हात्तिच्या! डोळ्यांना काय तोटा?" म्हणत मी हाजी कुदरत रोटीवाल्याला घेऊनच आलो.

हाजींनी डोळा लावला. "माशाल्ला, आगाजान! काय तेज! डोळे दिपले!"

मीही वाकलो. "वा! दृष्ट लागेल हो!"

आगांनी शांतपणे दुर्बिणीच्या तोंडावरचं झाकण काढलं. ते मुद्दामच ठेवलं होतं.

"झाकणातूनसुद्धा जाणवत होतं," हाजी म्हणाले आणि जिना उतरले.

आगा हसले नाहीत. "सगळं गाव माझ्याशी चांगलं वागतं," एवढंच म्हणाले आणि झाकण परत लावून ठेवलं.

तेवढ्यात पलीकडच्या गच्चीवरून तूरान खानुम कडाडल्या, "फरामर्ज! तुझ्या धुमाकुळानं माझ्या वाळत घातलेल्या डाळिंबाच्या पोळ्यांवर धूळ उडाली!" या म्हाताऱ्या बाईला तआरुफ कुणी शिकवलाच नव्हता.

"खानुम, एकदा इकडे बघता?"

"तुझ्या चष्म्यातून एका पायरीच्या दोन दिसतात, आता हे काय?" कुरकुरत कठडा ओलांडून त्या आल्या, डोळा लावला. "काळंकुट्ट आहे. झाकण काढ, मेल्या!"

आगा लगबगीनं पुढे झाले. झाकण निघालं. त्यांनी कागद-पेन्सिल पुढे केली. तूरान खानुमनी ओठ चावत ठिपके काढले, आणि एकावर बोट आपटून म्हणाल्या, "हा आगाऊ. मध्येच घुसलाय." आगांनी खिशातला आपला कागद काढून शेजारी धरला. तोच ठिपका, तिथंच.

त्यांनी लगेच तेहरानला कळवलं. दुसऱ्या दिवशी दूरच्या कुठल्याशा देशातून निरोप आला: आम्हालाही दिसला. हाजींनी साखर लावलेल्या रोट्या वाटल्या, आणि आपणच पहिल्यांदा पाहिला असं सांगत सुटले.

तूरान खानुम लेकीकडे मशहदला गेल्या. आगा रोज संध्याकाळी वर जात, शेजारच्या ताऱ्यांशी ताडून त्याचं तेज नोंदवत. तारा मंदावत होता. सतरंजीवर कागद मात्र रोज दोन मांडलेले दिसायचे. एक कोराच खाली यायचा.

एकदा त्यांना बराच वेळ डोळा लावून बसलेलं पाहून मी कठडा ओलांडला.

"आहे का, आगा?"

"तुम्हीच बघा."

बघितलं. ती जागा रिकामी होती. 'आहे की, छान आहे' हे अगदी जिभेवर आलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "काहीच नाही."

आगांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग सतरंजीवर थोडे सरकले, आणि तो दुसरा कागद माझ्या हातात दिला.