बंद भट्टीचा चालू वर्तमानकाळ

शिरोली एमआयडीसीतली आमची फाउंड्री सोमवारच्या सुट्टीमुळं बंद होती, भट्टी थंडगार होती, आणि नृसिंहवाडीच्या घाटावर बसून मी जर्मनीतल्या आमच्या गिऱ्हाईक बाईंना कळवलं, ‘वी आर पोअरिंग युवर कास्टिंग्ज.’ म्हणजे, तुमचा माल आत्ता ओततोय.

इंग्रजी येत नाही म्हणून असं झालं असतं, तर थोडी अब्रू तरी उरली असती. पण नोकरीआधी मी इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायचो. नेहमीचं असेल तर साधा वर्तमानकाळ, डोळ्यांदेखत चाललेलं असेल तर चालू वर्तमानकाळ, हे मी पोरांकडून घोकून घेतलंय. त्या भांडवलावरच मालकांनी मला परदेशी गिऱ्हाइकांशी बोलायला ठेवलं, आणि कारखान्यात माझं नाव ‘मास्तर’ पडलं.

घोळ सवयीचा. आमच्याकडं ‘करतो’ म्हटलं की गिऱ्हाइकाला कळतं, अजून हातच लावलेला नाही. म्हणून शिंपी असो की ग्रिलवाला, कापड किंवा लोखंड दुकानातच पडून असताना तो म्हणतो, “तुमचंच चाललंय की!” गिऱ्हाइकाला ते खरं वाटत नाही, पण बरं वाटतं. चहा पिऊन ते परत जातं. बाईंनी मेसेजवर ‘काम कुठवर आलंय?’ विचारलं तेव्हा माझ्या तोंडात कवठाची बर्फी होती. बोटांनी आपलं गावचं उत्तर इंग्रजीत लिहून टाकलं.

बाई चहाला येणाऱ्यांतल्या नव्हत्या. लगेच उत्तर आलं, ‘छान. व्हिडिओवर दाखवा.’

हे आमचं पहिलंच परदेशी गिऱ्हाईक. नमुन्याचा माल पसंत पडला तर कायमचं काम मिळणार होतं, आणि त्याच भरवशावर मालकांनी नवी भट्टी बसवली होती. मी त्यांना फोन लावला.

“मालक, जरा घोटाळा झालाय. भट्टी चालू आहे म्हणून सांगितलं बाईंना.”

“सोमवारी? कोण वततंय, वॉचमन व्हय?”

“रेंज नाही म्हणून सांगू?”

“आणि मेसेज कबुतर घिऊन जातंय? लेका, खरं सांग. काम गेलं तर तुलाच वततो बघ साच्यात.”

मी खरं लिहिलं. सोमवारी आम्ही बंद असतो, भट्टी थंड आहे, माफ करा. समोर लोक संगमात बुड्या मारत होते आणि मी पायरीवर कोरडाच गारठलो होतो. शेवटी मेसेज आला: ‘मग ओतता कधी?’ मी लिहिलं, बुधवारी. ‘बुधवारी डोळ्यांनी बघीन. नाहीतर आपला व्यवहार इथंच थांबवू.’

बुधवारी मालक इस्त्रीचा शर्ट घालून भट्टीजवळ उभे राहिले. तिथं इस्त्री किती वेळ टिकणार! बाई पडद्यावर आल्या. लोखंडाचा रस साच्यात पडायला लागला, अंगावर झळ येत होती, ठिणग्या उडत होत्या. चालू वर्तमानकाळाला याहून चोख प्रसंग जन्मात मिळाला नसता. आणि मी घाबरून म्हणालो, “वी पोअर... मॅडम, वी पोअर एव्हरी वेन्सडे.”

बाईंच्या भुवया वर गेल्या. “दर बुधवारचं नको. आज, आत्ता काय चाललंय?”

मी परत तोंड उघडणार, तेवढ्यात मालकांनी माझं मनगट धरून मोबाईल साच्याकडं वळवला आणि ओरडले, “मॅडम, सी!”

बाईंनी पाहिलं. साचे भरेपर्यंत बघत राहिल्या, मग म्हणाल्या, “गुड. नमुने पाठवा, पुढचं बोलू.”

मालकांनी खांद्यानं कपाळाचा घाम पुसला. माझं मनगट मात्र सोडलं नाही.

“मास्तर, काळ-बिळ ऱ्हाऊ दे. तू नुसता मोबाईल धर.”